शेजारची फाइल

उबेदभाई मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायचे. दापोलीचा माणूस, वीस वर्षं बहारीनमध्ये, डिप्लोमासुद्धा अर्धवट. आणि समुद्राचं पाणी ओढणाऱ्या दोनशे पंपांच्या नोंदी त्यांच्या ताब्यात. प्रत्येक पंपाचा दाब आणि थरथर, दर सेकंदाला. हे सगळं त्यांनी एका साध्या मशीनवर, एकाच फाइलीत ठेवलं होतं. वेगळा सर्व्हर नाही, काही नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये असतो तसला छोटा डेटाबेस, फुगून नऊशे जीबी झालेला. मी पुण्याची इंजिनिअर. मी म्हणायचे, हे खेळणं एक दिवस अंगाशी येणार. ते म्हणायचे, नीट वागवलं तर काही होत नाही. त्यांचं ते शांत बोलणं ऐकून माझं डोकं फिरायचं.

मार्चमध्ये एक पंप फुटला. ग्राहकाने नोंदी मागितल्या, तर फाइलीत आधीचे अकरा दिवसच नव्हते. मी त्याच दुपारी आमच्या मॅनेजर उमैमाला लांबलचक मेल लिहिला: एवढा डेटा या डेटाबेसला झेपत नाही आणि उबेदभाई कुणाचं ऐकत नाहीत. खरं सांगते, लिहिताना मजा आली. उबेदभाईंचा व्हिसा महिनाअखेर संपत होता. तो वाढवणार नाही, असं उमैमाने त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी फक्त फाइल तपासायला वेळ मागितला. तपासणी दीड दिवस चालली. एकही दोष निघाला नाही.

तेव्हा मला माझीच एक गोष्ट आठवली. पंप फुटण्याच्या आदल्या दिवशी डिस्क भरत आली होती आणि उबेदभाई रजेवर होते. मोठ्या फाइलीशेजारी साठ जीबीची आणखी एक फाइल दिसली. यांचाच गबाळेपणा, असं म्हणत मी बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केल्यावर आधी ती फाइल डिलीट केली आणि मगच त्यांचा प्रोग्राम सुरू केला. त्यांना फोन करण्यात माझा काय अपमान होणार होता, कोण जाणे. आता वाचलं, तर नव्या नोंदी आधी त्याच शेजारच्या फाइलीत पडतात आणि मग मोठ्या फाइलीत जातात. कुणी रिपोर्ट उघडा ठेवला, तर नोंदींचं मोठ्या फाइलीत जाणं अडतं. माझा रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर अकरा दिवस उघडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमैमाला सगळं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "काय डिलीट झालं, किती वाजता, ते उबेदने काल दाखवलं. पण तुझा मेल मी ग्राहकाला पाठवलाय. दोष डेटाबेसचा, माणूस बदलतोय, असं कळवलंय. आता मागे घेणार नाही. खलास. रविवारपासून मशीन तुझ्याकडे."

मी म्हटलं, ग्राहकाला मीच लिहिते. लिही, ती म्हणाली, मग दोघांचीही परतीची तिकिटं काढू.

मी लिहिलं नाही.

शेवटच्या गुरुवारी उबेदभाईंनी मला दोन तास सगळं समजावून दिलं. कुठली फाइल कशाला, मशीन कसं बंद करायचं, काय कधीच हलवायचं नाही. आवाज तोच, शांत. मला तो आता सहन होईना.

"उबेदभाई, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीनवरून नजर हटवली नाही.

"लिहून घ्या, मॅडम," ते म्हणाले. "परत सांगायला मी नसणार."