चाळीस गाद्या

टेलरकाका वीस वर्षं चर्चच्या गायकमंडळात गात होते आणि वीस वर्षं बेसूर गात होते. पण ही गोष्ट त्यांच्यासकट कुणालाच ठाऊक नव्हती. सगळी करामत इमारतीची. वर उंच घुमट, खाली फरशी, चहूबाजूंना नुसता दगड. तोंडातून सुटलेला सूर सहा सेकंद वर भटकायचा, चारचौघांच्या सुरांत मिसळायचा आणि अंघोळ करून, सभ्य होऊनच खाली यायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. काकूंचे तर हमखास. घरी शिवणयंत्रावर काका गुणगुणायला लागले की त्या मधलं दार लावून घ्यायच्या, पण त्यांची ठाम समजूत होती की चांगला आवाज काका रविवारसाठी राखून ठेवतात.

माशी शिंकली ती काकूंच्याच कंबरेमुळे. लाकडी बाक टोचतात म्हणून त्यांनी फादरकडे तक्रार केली, आणि फादरनी चाळीस गाद्यांचं काम काकांनाच दिलं. काकांनी त्यात जीव ओतला. नवा कापूस, चार बोटं जाडी, वर मखमल, कडेला दुहेरी शिलाई. उसवून दाखवा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. त्यांच्या कामात आजवर कुणाला खोट सापडली नव्हती.

रविवारी लोक गाद्यांवर बसले, कंबरा सुखावल्या आणि गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला काकांना रेडकू ओरडल्यासारखं ऐकू आलं. त्यांनी रागाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग ते श्वास घ्यायला थांबले, तर रेडकूही थांबलं. कापसाने सगळा नाद पिऊन टाकला होता. आता अंघोळ नाही की काही नाही, सूर निघाला तसा उघडावाघडा लोकांपुढे. पुढच्या बाकावरचं एक बाळ भोकाड पसरून रडू लागलं. काकूंनी तो रेडकाचा आवाज लगेच ओळखला. घरचाच होता.

घरी आल्यावर काकांनी रविवारचा निळा सदरा घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला.

"मी गाणं सोडतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना उगाच छळलं."

या माणसाचा अख्खा आठवडा त्या एका सकाळसाठी असायचा, हे काकूंइतकं कुणाला माहीत होतं? पुढच्या रविवारी त्यांनी काकांना बळेबळे सदरा घालून चर्चमध्ये नेलं. प्रार्थना सुरू होण्याआधी त्या मधल्या बाकावरून उठल्या आणि पाठ खाजवू लागल्या. गाद्यांत ढेकूण झालेत, असं त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने सांगितलं. पाच मिनिटांत अख्खं चर्च खाजवत होतं. ढेकूण मात्र एकालाही दिसला नव्हता.

फादर गोंधळून काकांकडे वळले. "काका, खरं सांगा. कापूस नवाच होता ना?"

हो म्हटलं तर काकांमधला शिंपी वाचणार होता, नाही म्हटलं तर गवई. खरं तर गवई त्यांच्यात कधी नव्हताच, शिंपी मात्र अस्सल होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं. एका हाताने दुखरी कंबर धरून त्या दुसऱ्या हाताने अजून खाजवत होत्या.

"जुना होता, फादर," काका म्हणाले. "फाटक्या उशांमधला."

आपल्याला तर मागच्याच रविवारी चावले, असं म्हणत गायनमास्तरांनी झपाझप चार गाद्या उचलून आवारात नेऊन टाकल्या. त्यांच्यामागोमाग सगळं गायकमंडळ गाद्या घेऊन धावलं. गायक उभ्यानेच गातात, त्यातला एकही जण त्या गाद्यांवर कधी बसला नव्हता, हे फक्त फादरच्या लक्षात आलं. त्यांनीही एक गादी उचलली. मधल्या दोन प्रार्थना त्यांनाही गाऊन म्हणाव्या लागत.

मग गाणं सुरू झालं. काकांचा सूर घुमटात गेला, तिथे रेंगाळला आणि सभ्य होऊन खाली आला. काकू उघड्या लाकडावर बसून ऐकत होत्या. आता त्यांना सगळं माहीत होतं, तरी डोळे भरून आले ते आलेच. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि कंबरही दुखत होती.