सोनं सोडून छर्रे तोलणारा मी

मी काटा बोलतोय. पायात मोडतो तो नव्हे, तोलणारा. आकाराने तुमच्या मोबाइलएवढाच, पण तांदळाच्या एका दाण्याचंही वजन सांगतो. कांदेबटाटेवाल्या काट्यांशी माझी सोयरीक जुळवू नका, मला खपत नाही.

माझा जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे. मला तिथलं काही आठवत नाही. डोळे उघडले ते शारजात, खैरुद्दीन सोनारांच्या दुकानात. काय माणूस होता! मला हात लावायच्या आधी पंखा बंद करायचे, श्वास बाजूला सोडायचे आणि आकडा थांबेपर्यंत गप्प बसायचे. गिऱ्हाईक "यल्ला भाई, जल्दी" करायला लागलं की म्हणायचे, "सोना कहीं भागा जा रहा है क्या?" त्या दुकानात मी लाडावलो, हे मान्य करतो.

मग खैरुद्दीनभाई थकले आणि गावी परतायला निघाले. दुकानातलं सामान ओळखीपाळखीत वाटलं गेलं आणि मी आलो दत्तप्रसादांच्या हाती. हे मूळचे मालवणचे. दुबईतल्या अल क्वोजमध्ये एका कंत्राटदाराकडे मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि राहतात इथे शारजातच, अल मजाजमध्ये. त्यांच्या पत्नी सुनेत्राताईंना वाटलं, आता मोदकांच्या सारणातलं केशर नेमकं तोलता येईल. मलाही बरं वाटलं. सोन्यानंतर केशर, म्हणजे इभ्रतीला धक्का नाही. पण दत्तप्रसादांनी माझ्या तबकडीवर ठेवला शिशाचा एक छर्रा.

त्यामागे एक कथा आहे. त्यांची लेक इरा, पंधरा वर्षांची, एअर रायफल नेमबाजी शिकते. रायफल क्लबातच कुलपात असते. छर्ऱ्यांची डबी घरी नेण्यापुरती क्लबकडून खास परवानगी काढली होती. तर हे बाबा सुरुवातीला प्रत्येक सरावाला मागे जाऊन बसायचे. बसायचे कसले! पोरगी श्वास रोखून नेम धरतेय आणि हे मागून कुजबुजतायत, "खांदा सैल सोड, बाळा." एकदा तर ऐन चाप ओढताना "शाब्बास" म्हणाले. इराने घरी येऊन हात जोडले. "बाबा, प्लीज, डोन्ट कम एनीमोअर. आय कान्ट शूट."

त्या दिवसापासून दत्तप्रसादांचं क्लबात जाणं खलास. मुलीला सोडायचं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचं. माणसाला लागतं हो. तेव्हाच त्यांनी कुठेतरी वाचलं की मोठे नेमबाज छर्रे तोलून, सारख्या वजनाचे वेगळे काढतात. झालं! आत जायला बंदी, तर निदान छर्ऱ्यांतून तरी आत जाऊ, असं त्यांच्या मनाने घेतलं.

आणि नवशिक्याने करायच्या तेवढ्या सगळ्या चुका त्यांनी एका शनिवारच्या सकाळी करून दाखवल्या. मला ठेवलं ओट्यावर, शेजारी वॉशिंग मशीन थडथडतंय. माझा आकडा नाचायला लागला तर म्हणाले, "काटा बिघडलाय." बिघडलाय? मी? तबकडी शून्यावर न आणताच तोलायला सुरुवात. चिमटा सोडून बोटांनी उचलायचं, तेही पोहे खाल्लेल्या. मग डबी वरून धबाधबा ताटात ओतली. छर्ऱ्याची मागची कड कागदासारखी नाजूक असते, ती दबली की छर्रा सरळ जात नाही. शेवटी धूळ जावी म्हणून छर्रे घेतले चहाच्या गाळणीत आणि धरले नळाखाली.

तेवढ्यात सुनेत्राताई आल्या. "अहो, शिसं आहे ते! चहाच्या गाळणीत?"

"धुऊन ठेवतो ना नंतर."

"धुऊन काय ठेवता, विष आहे ते. ती गाळणी आता कचऱ्यात. तो काटाही माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर. आणि हात धुवा आधी, साबणाने." जाता जाता पुटपुटल्या, "उंटांच्या देशात येऊन उंटावरचे शहाणे झालेत."

माझ्या केशराचं स्वप्न तिथेच संपलं. मला थोडं वाईट वाटलं, पण बाई बरोबर होत्या.

आमची रवानगी मागच्या छोट्या खोलीत झाली. तिथे टेबल भक्कम होतं, पण एसीचा झोत थेट माझ्यावर. दत्तप्रसाद तसे हट्टी, पण शिकणारे. झोताने आकडा हलतो हे कळल्यावर त्यांनी एसीच बंद केला आणि घामाच्या धारा पुसत तोलत बसले. चिमटा आणला, नवी डबी आणली, हलक्या हाताने छर्रे मांडले. मी खूश होतो. खैरुद्दीनभाईंची आठवण आली.

पण हे एवढ्यावर थांबतील तर शपथ. पुन्हा कुठेतरी वाचलं, की छर्ऱ्याला तेलाचा हात दिला की तो नळीतून सुळकन जातो. कुठलं तेल, ते वाचायची गरज त्यांना भासली नाही. मालवणच्या माणसाला तेल म्हणजे एकच. डोक्याला, सायकलच्या साखळीला, कुरकुरत्या बिजागरीला, सगळ्याला खोबरेल. तोललेल्या छर्ऱ्यांवर त्यांनी खोबरेलाचं बोट फिरवलं. त्या उकाड्यात तेल पाण्यासारखं पातळ, छर्रे छान चमकायला लागले. लेकीला चकित करायचं म्हणून त्यांनी ते गुपचूप तिच्या डबीत भरले.

आता क्लबातला एसी केवढा असतो, तुम्हीच बघा. तिथे पोरं जाकीट घालून बसतात. आणि गारठ्यात खोबरेलाचं काय होतं, हे कुठल्याही मराठी घरात थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्याला ठाऊक आहे.

आठवडाभर इरा सरावाहून तोंड पाडून यायची. एक गोळी मधोमध, पुढची कुठेतरी भलतीकडे. शनिवारी क्लबच्या संघाची निवड होती. गुरुवारी दुपारी ती आईला म्हणाली, "आय ॲम क्विटिंग. माझा हातच स्टेडी नाहीये, मम्मा." आणि रडली. बाबा दारात उभे होते. त्यांना वाटलं, आपण अजून बारीक तोलायला हवं.

त्यांनी तिला मागच्या खोलीत आणलं. "बघ, मी सगळे सारखे काढलेत. काट्यावर बघ तू स्वतः." पोरगी आली म्हणून कौतुकाने त्यांनी एसी पूर्ण सोडला आणि मला झोतापासून आडोशाला ठेवलं. इराने तिच्या डबीतला एक छर्रा ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. मी तीन वेगळे आकडे दाखवले. मला खोटं बोलता येत नाही आणि त्या दिवशी तर मी अगदी ठणठणीत खरा होतो. कुठे तेलाचा थर जाड थिजला होता, कुठे पातळ.

इराने एक छर्रा चिमट्याने उजेडात धरला. त्यावर पांढरट साय होती. तिने वास घेतला.

"बाबा, व्हाय डज धिस स्मेल लाइक माय हेअर ऑइल?"

दत्तप्रसादांचा चेहरा बघवेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. "मीच लावलं," ते म्हणाले. "तुला बरं पडेल म्हणून. हात तुझा ठीक आहे, इरा. चूक माझी आहे."

तिने तिथूनच कोचना फोन लावला. नौशीन मॅडम आधी खूप हसल्या आणि मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "रायफल की नली मैं साफ कर देती हूँ. तुम नई सीलबंद डिब्बी से खेलो. और पापा से बोलो, डाँट नहीं पड़ेगी, लेकिन तेल सिर्फ बालों में."

शनिवारी बाप-लेक गेले. मी घरीच होतो, झाकण लावून. दुपारी दार उघडलं आणि दोघांची चप्पल काढायची घाई ऐकूनच मला कळलं. संघात शेवटचं नाव इराचं लागलं होतं. बाबा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्येच बसले होते.

हल्ली माझा मुक्काम मागच्या खोलीतच असतो. तबकडीवर दोन ओरखडे आहेत, बॅटरी लवकर संपते, आणि माझ्या पाठीवर सुनेत्राताईंनी चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'खाण्याचं काही ठेवू नये'. तक्रार नाही. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला वाऱ्यात ठेवू नका, आधी शून्यावर आणा आणि तो सांगेल ते ऐका. एवढंच मागणं आहे.

काल इरा खोलीत आली. पुढच्या आठवड्यात अल ऐनला सामना आहे. नवी डबी बाबांपुढे ठेवत म्हणाली, "सॉर्ट करून द्या ना. यू डू इट वेल. नो ऑइल." आणि दारातून वळून म्हणाली, "बाय द वे, अल ऐनला तुम्ही आत येऊन बसायचं. बट नॉट अ वर्ड, ओके?"

दत्तप्रसाद "बरं" म्हणाले. एसी बंद केला, श्वास बाजूला सोडला आणि चिमट्याने पहिला छर्रा उचलला. डोळे मात्र इरा गेली त्या दाराकडेच होते. कसाबसा ठेवला, पण चिमटा सुटेना, आणि माझा आकडा काही केल्या थांबेना. एरवी अशा हाताची मी गय करत नाही. काल मात्र मी गप्प वाट बघत राहिलो.