भिजायला भिणारी बाहुली

मी बाहुली आहे खरी, पण मित्रांनो, माझ्याशी कुणी भातुकली मांडली नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा शहरात इंदिरानगरला राहणाऱ्या नर्स मंजुषाबाईंनी मला शिवलं. जुन्या पलंगपोसाचं अंग, आत कापूस, बेंबीला सुतळीची नाळ. हरसूलला पाड्यापाड्यांवरच्या बायका सुखरूप बाळंतपण कसं करायचं ते शिकायला येत, आणि मी त्यांचं तान्हं होई.

दर खेपेला मला न रडणारं मूल व्हावं लागे. बायका मला फडक्यात गुंडाळत, पाठ चोळत. बाई म्हणत, "रडलं बरं का," की लगेच चहा येई. चहाच्या वेळी हजेरी नेहमी पूर्ण. मी मात्र मनातून भ्यालेली. माझ्यासारख्या, नुसत्या बोलण्याने जिवंत होणाऱ्या मुलावर शिकलेल्यांना खरं मूल भेटलं तर?

सगळ्यांत भित्री भागीबाई. मला धरायची पाळी आली की ती मागच्या रांगेत सरके, आणि मला ते बरंच वाटे. बाईंनी सरावासाठी मला तिच्यासोबत पाड्यावर धाडलं. शेजारच्या नवसाबाईचे दिवस भरत आले होते. तिची सासू फुलाबाई मला बघून म्हणाली, "भागे, या वयात बाहुली खेळाया लागलीस व्हय?"

"शिकते, आत्ये."

"शिक. माझ्या नातवावर नको शिकू म्हंजे झालं."

ऐन थंडीत, बाजाराच्या दिवशी सकाळीच नवसाबाईला कळा सुरू झाल्या. पाड्यावरची एकुलती जीप हरसूलला गेलेली. भागीबाईने साबणाने हात धुतले, नवं ब्लेड काढलं आणि धीर म्हणून मला उशाशी ठेवलं. तिला धीर देणार कोण, तर मी.

मूल आलं. रडलं नाही.

भागीबाईने नाळ कापली, मुलाला गुंडाळलं, पाठ चोळली. माझ्यावर शिकली होती तस्संच. मूल निळंच. फडक्यातून पाणी ठिबकत होतं, आणि ते बघून मला चूक कळली. मी कायम कोरडी होते, मित्रांनो. बाई दर वेळी "आधी पुसा" म्हणत, बायका माना डोलवत आणि पुसायला काहीच नसल्यामुळे मला थेट गुंडाळून मोकळ्या होत.

"नाळ तोडली नसतीस तर मागनं येणारी वार निखाऱ्यावर शेकली असती," फुलाबाईचा आवाज फाटला. "आमच्यात तसाच जीव आणत्यात. आता काय करशील?"

"थांब, आत्ये."

"कशाला थांबू? बाहुलीगत गुंडाळून बसलीस. हात लावून बघ, गार पडलाय पोरगा."

भागीबाईने हात लावला. फडकं चिंब होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता आपली रवानगी चुलीत. पण तिने माझ्या अंगावरचं धुतलेलं दुपटं ओढून काढलं, ओलं फडकं भिरकावलं आणि मूल डोक्यापासून पुसायला घेतलं. पुसलं, पुसलं, पाठ चोळली, पुन्हा पुसलं. मुलाला एक उचकी आली. मग बारीकसा, रागावलेला सूर.

तिने त्याला नवसाबाईच्या छातीशी ठेवून वर गोधडी घातली. फुलाबाई भिंतीला टेकून बसली.

"रडू दे," ती म्हणाली. "कुणी गप करू नका त्याला."

पुढच्या वर्गात भागीबाईने मला सगळ्यांदेखत बादलीत बुडवलं.

"अहो भागीबाई, सडेल ती," मंजुषाबाई म्हणाल्या.

"सडली तर दुसरी शिवाल, बाई."

तेव्हापासून दर वर्गाआधी मला बुडी. मी शेवटपर्यंत पाण्याला भ्याले. आतला कापूस कुजला, टाके उसवले. बायका नाकाला पदर लावून माझं कौतुक करत. पुढे पाड्यापाड्यांवर सरकारी आरोग्यसेविका, आशाताई, आल्या, त्यांच्यासाठी गुळगुळीत रबरी बाहुली आली, आणि मला कपाटात जागा मिळाली. इथे छान कोरडं आहे. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण ती नवी बाहुलीही कोरडीच दिसते.

इतर जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. अशा वर्गात चकचकीत कोरडी बाहुली दिसली, तर मित्रांनो, तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. ती घाबरेल. ओता तरीही.