तीन थापांचा नियम

चैतालीनं नाशिकरोडला मुलींसाठी क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा धम्मपालला बरंच वाटलं. फौजेतल्या कमांडोंसाठी तयार झालेली लढण्याची ही पद्धत लेक त्याच्याकडूनच शिकली होती. मग एका दुपारी ती वही घेऊन समोर बसली. पत्रकावर चार ओळी इतिहास हवा होता. ही विद्या जन्मली कशी, ते बापाइतकं कोणाला ठाऊक असणार?

धम्मपालनं सांगायला सुरुवात केली. डोंगरातली छावणी, सहा जवान आणि वरून आलेला हुकूम, की पहारेकऱ्याला आवाज न होता पाडता आलं पाहिजे. पुस्तक नव्हतं, वस्ताद नव्हता. ज्याला जे येत होतं ते त्यानं पुढं ठेवलं. कोणी लाठी, कोणी बॉक्सिंग. सायखेड्याचा गोरक्ष तालमीतला पैलवान, मानेची पकड त्याची. धम्मपालनं त्या पकडीला मागून गुडघ्याची जोड दिली. सगळं एकमेकांवरच करून बघायचे.

"आणि पकडीतल्यानं जमिनीवर हातानं तीन थापा मारल्या की सोडायचं, हा नियम कोणाचा?"

धम्मपाल म्हणाला, "तो नंतर झाला. गोरक्ष गेल्यावर."

त्या दिवशी सरावात गोरक्षची मान धम्मपालच्या पकडीत होती आणि छावणीचे साहेब वेळ मोजायला घड्याळ धरून उभे होते. गोरक्षनं जमिनीवर हात आपटला, तेव्हा धम्मपालला वाटलं, गडी सुटायला धडपडतोय. त्यानं पकड आणखी आवळली. कागदावर मात्र कड्यावरून पडून मृत्यू, असं लिहिलं गेलं. शव सायखेड्याला नेणाऱ्यांत धम्मपालही होता, आणि गोरक्षच्या बायकोला, कुसाबाईला, ते खोटं त्यानंच सांगितलं होतं.

चैतालीनं वही मिटली. त्या बाईला खरं कळल्याशिवाय क्लास उघडायचा नाही, एवढंच ती म्हणाली.

रविवारी दोघं सायखेड्याला गेले. कुसाबाई अंगणात कांदे निवडत होती. अठ्ठावीस वर्षांनीही तिनं त्याला ओळखलं, सतरंजी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. धम्मपालनं मान वर न करता सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"हात आपटला व्हता म्हंता. किती येळा?"

"मोजले नाहीत, वहिनी."

"इतकी वरसं मी त्यालाच दोष देत आले," ती म्हणाली. "कड्यावर नीट बघून चालता आलं नाय का, म्हणून लय बोलले त्याच्या फोटोला."

चैतालीनं भीत भीत विचारलं, पत्रकावर त्यांचं नाव घातलं तर चालेल का.

"नगं, बाई. तू पोरींना शिकव. त्याचं नाव त्यात नगं." मग ती धम्मपालकडे वळली. "भाऊ, तुमी आता जा."

चहा तसाच राहिला.

पत्रक इतिहासाविनाच छापलं गेलं आणि क्लास सुरू झाला. धम्मपालनं पलटणीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की गोरक्षचा मृत्यू माझ्या हातून झाला, नोंद दुरुस्त करावी. त्याची एक प्रत कुसाबाईला पाठवली. चार महिने झाले. उत्तर कुठूनच आलेलं नाही.