शर्टाच्या खिशातला फ्यूज

विजयमाला वहिनींनी ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर आदळला आणि म्हणाल्या, याचे तुकडे करा, नाहीतर कुठं तरी पुरून टाका. पुणतांब्याहून राहात्यापर्यंत ते धूड त्यांनी वडापच्या जीपमधून आणलं होतं. मी बघताक्षणी ओळखलं. गोरक्षचा ॲम्प्लिफायर. गेल्या सोळा वर्षांत तो माझ्यासमोर आला नव्हता, आणि येऊ नये म्हणून मी कमी नवस बोललो नव्हतो.

गोरक्ष म्हणजे वहिनींचा नवरा आणि माझा भागीदार. लग्नात, सप्त्यात भोंगे लावायचा आमचा धंदा होता, तोही जुन्या, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरवर. आता धंदा गेला. ही म्हातारी यंत्रं दुरुस्त करत मी एकटाच दुकानात बसतो. गोरक्ष याच यंत्रात हात घालून गेला. त्याला घाई नडली, चालू करंटमध्ये हात घातला, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं. मी तिरडीला खांदा दिला आणि गावाच्या बोलण्यावर मानही डोलावली.

आता त्याची मुलगी निकिता आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. परवा तिनं हा ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढून उघडला, आणि वहिनी तिचं नाव कमी करायला निघाल्या. "तुमचं ती ऐकंल, भावजी," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, तुज्या बापाला घाई हुती, ती तुज्यात बी हाय. हे काम तुजं न्हाई."

मला हाताला काही तरी चाळा हवा होता, म्हणून झाकण उघडलं. डावा हात आपोआप खिशात गेला. आमच्या कामातली ही सवयच आहे. एक हात खिशात असला की करंटला छातीतून जायला वाट मिळत नाही. आत बघितलं, तर कापलेल्या तारेची दोन टोकं अजून तशीच उभी होती. माझ्याच पकडीनं कापलेली.

यात फ्यूज नाही, मी म्हणालो, उगीच काही तरी बोलायचं म्हणून. वहिनींनी कमरेची पिशवी सोडली आणि एक इवलीशी काचेची नळी टेबलावर ठेवली. "ही हाय का? त्या दिवशी त्येंच्या शर्टाच्या खिशात हुती. कशाची म्हून इचारायचं राहिलं."

फ्यूज काढून खिशात टाकल्याशिवाय गोरक्ष आत हात घालत नसे. म्हणजे त्या दिवशीही त्यानं काढला होता. सोळा वर्षं हा पुरावा त्यांच्याजवळ होता, आणि तो वाचता येणारा एकटा मीच.

तरी मी तोच फ्यूज बसवला, भोंगा जोडला आणि बायस बघतो म्हणालो. आवाज नसतानाही व्हॉल्व थोडा करंट ओढत असतो; तो किती ओढू द्यायचा हे लावणं म्हणजे बायस. जास्त झाला की व्हॉल्व आतल्या आत लाल होऊन मरतो. "गप बसायला बी करंट लागतो, सहादेव," असं गोरक्ष म्हणायचा, आणि पेन्सिलीच्या बुडानं प्रत्येक व्हॉल्व वाजवून बघायचा. टिक. टिक टिक.

मी स्क्रू केसभर फिरवला. मीटरचा काटा काही ठरेना. आणि भोंग्यातून आलं, टिक. टिक टिक.

जुना व्हॉल्व तापताना असा वाजतो, हे मी कितीतरी जणांना समजावलं आहे. बटण बंद केलं. व्हॉल्वमध्ये धग असेपर्यंत आवाज थोडा रेंगाळतो, तेही मला ठाऊक आहे. टिक टिक. मग थांबलं.

"ऐकलंत ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "घरी बी वाजतंय, करंट नसताना. अजून घाईच हाय त्येंना."

हा माणूस सोळा वर्षं दार वाजवतो आहे, आणि मी आत दडून बसलो आहे.

मी फडक्यानं धरून मोठे व्हॉल्व उपसले, यंत्र पुन्हा चालू केलं, बंद केलं, फ्यूज काढला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"फ्यूज कुठं हाय, वैनी?"

"माज्या हातात."

"मंग आत करंट हाय?"

"आता कसा असंल?"

मी स्क्रूड्रायव्हर आत टेकवला. फट् करून निळी ठिणगी उडाली आणि वहिनी भिंतीपर्यंत मागे सरल्या.

मग सगळं सांगितलं. कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. व्हॉल्व काढलेले असले की तो ओढायला कोणी नसतं, म्हणून तो उतरवायला एक रेझिस्टन्स लावलेला असतो. तो जळाला होता. आदल्या संध्याकाळी मी कापून काढला, नवा उद्या लावू म्हणालो आणि घरी गेलो. गोरक्षला सांगितलं नाही. सकाळी त्यानं व्हॉल्व काढून यंत्र तपासलं, फ्यूज खिशात टाकला आणि आत हात घातला.

"घाई त्याची न्हवती, वैनी. माजी हुती."

त्यांनी फ्यूज मुठीत मिटला. "दर वर्साला फोटोपुढं बसून मी त्येंनाच बोलत आले," त्या म्हणाल्या. "पोर पदरात टाकून घाईनं गेलात म्हून."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फ्यूज त्यांनी पिशवीत ठेवला, मोबाईल काढून निकिताला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला.

"आता तिला सांगा," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते."

पोरगी पलीकडून हॅलो हॅलो करत होती. मी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी फोन धरला.