थोरल्या जाऊबाईंचं गाणं

त्या घरातल्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि घरची खाणावळ मात्र दोघींच्याच जिवावर चालली होती. थोरली स्वयंपाकघरात, धाकटी बाहेर हॉलमध्ये. मधे एक खिडकी. तिच्यातून ताटं बाहेर यायची आणि टोमणे आत-बाहेर व्हायचे, तेही थेट नाही, वाढपीकाकांच्या मार्फत.

"काका, बाहेर सांगा, मीठ हवं असेल तर तोंडानं मागा, माइकवरून नको."

"काका, आत सांगा, माइक बंद होता. जे ऐकू गेलं ते त्यांच्या मनातलं असेल."

काका दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पलीकडे पोचवायचे ते एवढंच, की मीठ द्या. ते घर अजून एका छपराखाली होतं ते काकांच्या या वाईट स्मरणशक्तीमुळे.

भांडणाचं मूळ होतं शुक्रवारची संध्याकाळ. हॉलच्या एका टोकाला धाकटीने फळ्यांचा बुटका मंच ठोकून घेतला होता, भिंतीवर पडदा लावला होता, आणि दर शुक्रवारी तिथे कराओके चालायचं. चाल यंत्रातून वाजते, शब्द पडद्यावर सरकतात, गिऱ्हाइकाने माइक धरून गायचं. थोरलीला नेमकी तीच जागा हवी होती. स्वयंपाकघरात वळायचं तर पातेल्याची परवानगी घ्यावी लागे, अशी गत झाली होती. मंचाच्या जागी दोन मोठे फ्रीज आणि भाजी निवडायला एक लांब टेबल आलं असतं तर तिच्या कंबरेची सुटका झाली असती. दोघींचंही म्हणणं खरं होतं, म्हणून तर तोडगा निघत नव्हता. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. हा विषय निघाला की एकाला बाजारातलं काम आठवायचं आणि दुसऱ्याला झोप यायची.

शेवटी गल्ल्यावर बसणाऱ्या सासूबाईंनी दोघींना समोर उभं केलं. "या शुक्रवारी मी स्वतः हॉलमध्ये बसून बघते. लोक खरंच येत असतील, रमत असतील तर मंच राहील. नाहीतर फ्रीज येतील. तोवर मला कुणी काही पढवायचं नाही."

धाकटीला भीती वाटली नाही. माणसं गाती करणं तिला येत होतं, आणि ते तिला वारशाने मिळालं होतं. तिचे वडील देवापुढे उभे राहून गाऊन निरूपण करायचे आणि ही परकरातली पोर त्यांच्या मागे साथीला. लोकांना त्यांनी कधी "म्हणा" म्हणून सांगितलं नाही. ओळ उंच न्यायची, प्रेमाने न्यायची, आणि शेवटचा शब्द तेवढा गाळायचा. समोर बसलेल्यांना राहवायचं नाही. घरी ज्याचं तोंड उघडायची कुणी वाट बघत नसे असा माणूसही डोळे मिटून तो शब्द उचलायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की धाकटी साथ विसरून बघत राहायची. "मागायचं नाही," वडील म्हणायचे, "जागा सोडायची. ज्याची आहे तो येऊन बसतो."

हॉलमध्ये ती तेच करी. शिवाय पहिलं गाणं स्वतः मुद्दाम जरा मोडून गाई, म्हणजे पुढच्याला वाटावं, हिच्यापेक्षा तर मी बरा. कुणाकडे जायचं हेही तिला दिसत असे. "अहो, माझा घसा बसलाय" म्हणणाऱ्याला आपल्या घशाची चौकशी हवी असते. जो बायकोला पुढे ढकलतो, गायचं त्यालाच असतं. आणि सगळ्यात पक्की खूण हातांची. ज्याला आतून गायचं आहे त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, चमचा फिरवतात, रुमालाची घडी मोडतात. ज्याला खरोखर नको आहे त्याचे हात थांबतात. हात थांबले की हसून पुढच्या टेबलाकडे वळायचं. हा नियम तिने कधी मोडला नव्हता.

तिने आणखी एक पाहून ठेवलं होतं. गोंगाटाची तक्रार करणारी तिरसट माणसंसुद्धा एकदा गायली की पुढच्या शुक्रवारी लवकर येत, येताना मेव्हण्याला घेऊन येत. ज्याने एकदा माइक धरला तो पुन्हा माइकला नावं ठेवू शकत नाही. ठेवली तर ती स्वतःला ठेवल्यासारखी होतात.

आणि इथेच तिच्या डोक्यात थोरली शिरली.

थोरली काम करताना गुणगुणते हे सगळ्या घराला माहीत होतं. एकच चाल, एका जुन्या भक्तिगीताची. कांदा चिरताना, पीठ मळताना, ओठ मिटलेले आणि चाल आत चाललेली. धाकटीने शोधून शोधून त्या गाण्याची चाल यंत्रात भरून घेतली आणि नवऱ्याला बेत सांगितला. भरल्या हॉलमध्ये, सासूबाईंच्या देखत वहिनी गायल्या, की झालं. मंचावर गाऊन आलेली बाई मंच मोडा म्हणणार कोणत्या तोंडाने?

नवरा म्हणाला, "वहिनीच्या वाटेला जाऊ नकोस."

"वाटेला कुठे जातेय? वाट दाखवतेय."

"तिने मागितलीय का वाट?"

"तू झोप," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी हॉल उतू गेला. एका विमा कचेरीतली मंडळी साहेबांसकट आली होती, बाकीची टेबलंही भरली होती. सासूबाई गल्ला सोडून भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या, चेहरा कोरा ठेवून. धाकटी त्या दिवशी रंगात होती. विमा कचेरीत एक किडकिडीत कारकून होता, पाण्याचा पेला सारखा गोल फिरवणारा. ती त्याच्या टेबलाशी गेली, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलत एक ओळ गायली आणि शेवटचा शब्द सोडला. कारकुनाच्या तोंडून तो निसटला. मग पुढची ओळ, मग माइक कधी त्याच्या हातात गेला ते त्यालाही कळलं नाही. साहेब म्हणाले, "हा बोलतो हेच आम्हाला आज कळतंय." हॉल हसला, कारकूनही हसला. सासूबाईंच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता, आणि तो धाकटीने हेरला होता.

खरं तर तिथेच तिचं काम झालं होतं. पण तिला नुसता मंच नको होता. तिला थोरलीचं तोंड बंद झालेलं हवं होतं, आणि तेही गाऊन.

"आता आमच्या घरचा आवाज," तिने माइकवर सांगितलं. "तुम्ही जे बोटं चाटून खाताय ते ज्यांच्या हातचं आहे, त्या आमच्या वहिनी. फार गोड गुणगुणतात. पण फक्त कढईला ऐकवतात."

लोक हसले, माना खिडकीकडे वळल्या. खिडकीत थोरली उभी होती, हातात झारा. तो कढईवर अर्ध्यात थांबला होता. त्यावरून तेल ठिबकत होतं आणि हात जागचा हलत नव्हता.

धाकटीने ते पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं.

"जरा लाजतात," ती म्हणाली. "टाळ्यांशिवाय नाही यायच्या." आणि तिने स्वतःच टाळी धरली, "वहिनी, वहिनी." विमा कचेरीने ती उचलली, मग सगळ्या हॉलने. कारकून सगळ्यात मोठ्याने. नुकताच सुटलेला माणूस दुसऱ्याला अडकवताना फार उत्साही असतो.

काका खिडकीशी जाऊन हळूच म्हणाले, "मी सांगतो, कढई चढवलीय म्हणून."

"गॅस बंद करा काका," थोरली म्हणाली. पदराला हात पुसत ती बाहेर आली, मंचावर चढली आणि तिने माइक घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीने यंत्र सुरू केलं.

चाल सुरू झाली. पडद्यावर पहिली ओळ आली, एकेक शब्द रंगत गेला आणि ओळ निघून गेली. थोरलीने तोंड उघडलं नाही.

लोकांना वाटलं, सुरुवात चुकली. कुणी म्हणालं, "होतं असं, होतं." दुसरी ओळ आली, रंगली, गेली. थोरली पडद्याकडे बघतही नव्हती. माइक छातीशी सरळ धरून ती धाकटीकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, लाज नव्हती. उधारी बुडवून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा दारात दिसावं आणि आपण नुसतं बघत राहावं, तसं बघणं.

टाळ्या आधी विरळ झाल्या, मग ठेक्यावरून घसरल्या, मग एकट्या कारकुनाच्या उरल्या, आणि त्यालाही ते कळलं. गाण्यामधला नुसत्या बासरीचा तुकडा आला. भरलेल्या हॉलमध्ये तो ऐकणं मोठं कठीण गेलं. साहेबांनी चमचा ताटाला लागू नये म्हणून हातातच धरून ठेवला.

यंत्राचा रिमोट धाकटीच्या मुठीत होता. एक बटण दाबलं असतं तर संपलं असतं. पण बंद करणं म्हणजे कबूल करणं, आणि ते थोरलीपुढे, सासूबाईंपुढे. तिने दुसरा माइक उचलला आणि वडिलांचं शस्त्र काढलं. पुढची ओळ उंच नेली, गोड नेली, आणि शेवटचा शब्द सोडला.

कुणीच उचलला नाही.

ओळ तशीच लोंबकळत राहिली. थोरलीचे ओठ मिटलेले. हॉलमधल्या कुणाची छाती झाली नाही, कारण तो शब्द आता म्हणणं म्हणजे कुणाची तरी बाजू घेणं झालं असतं. शेवटी तो धाकटीलाच म्हणावा लागला, उशिरा, सुराच्या बाहेर. मग पुढची ओळही. मग तिच्या पुढची. मधेच थांबायचं कसं, हे तिला सुचेना. इतक्या माणसांना तिने मंचावर आणलं होतं, पण नको असताना गावं लागलं की कसं होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं. मोडून गाणं हा तिचा डाव असायचा. आज ती नीट गायला धडपडत होती आणि आवाज आपोआप मोडत होता. देवाचं गाणं, आणि त्यात देव सोडून सगळं होतं.

गाणं संपलं. थोरलीने माइक तिच्या हातात दिला. "झालं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर कुणी गायलं नाही. धाकटीने दोन टेबलांशी जाऊन पाहिलं, सगळ्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते. किडकिडीत कारकून कुणाच्या नजरेला नजर न देता कोट चढवत होता. आपणही गायलो की आपल्यालाही ओढलं, हे तो बहुधा तपासून बघत असावा. मंडळींनी जेवणं भराभर आटोपली. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते तोवर हॉल रिकामा झाला.

धाकटी तडक स्वयंपाकघरात गेली. कित्येक महिन्यांत तिने तो उंबरा ओलांडला नव्हता.

"माइक खाली ठेवून निघून यायचं होतं. एवढी शोभा कशाला केलीत?"

"रिमोट तुझ्या हातात होता," थोरली कढई घासत म्हणाली.

"एक कडवं गायलं असतं तर काय झिजलं असतं?"

"काही नाही. पण ते मी ज्याच्यासाठी म्हणते तो टाळ्या पिटून बोलवत नाही." तिने कढई उपडी घातली. "आणि तू मला गाण्यासाठीच बोलावलंस असं म्हणायचं असेल, तर ते त्याला सांग. मला नको सांगूस."

दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. काका त्यांच्या मागे, ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून.

"मी बघते म्हटलं होतं, बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "हॉल भरला होता. त्या शेवटच्या तमाशाआधी लोक रमलेही होते. मी शब्द फिरवत नाही. मंच राहील."

थोरली वळली. "राहू दे. शुक्रवारी संध्याकाळी मी चूल पेटवणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लोक गाऊन पोट भरतील."

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. त्या थकल्या होत्या. "तूच समजूत घाल बाई हिची. परक्या माणसांना हो म्हणायला लावतेस, घरचं एक माणूस काय अवघड आहे? गोड बोल, चार दिवस मागे लाग. ऐकेल."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. ओला हात ओट्यावर टेकलेला होता, बोटं पसरलेली, एकही हलत नव्हतं. संध्याकाळपासून ती हेच बघत आली होती.

"नाही आई," ती म्हणाली. "मी मागे लागणार नाही."

"मग मंच चालणार कसा?"

"नाही चालणार. फ्रीजवाल्याला निरोप धाडा."

मग थोरली म्हणाली, "मला उपकार नकोत तुझे."

"उपकार नाहीत. राग आहे अजून माझा तुमच्यावर. पुष्कळ आहे."

"माझाही आहे."

"माहितेय," धाकटी म्हणाली. "खिळे काढायची पकड कुठे असते?"

"खालच्या कप्प्यात. परत तिथेच ठेव."

तिने पकड घेतली, हॉलमध्ये जाऊन गुडघे टेकले आणि मंचाच्या पहिल्या फळीचा खिळा उपसायला घेतला. तो घट्ट बसला होता. आतून कुणी मदतीला आलं नाही, आणि तिनेही हाक मारली नाही.