ठिबकत्या नळाखालची बादली

मी एक जुनी निळी बादली आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. अमेरिकेतल्या प्लेनो गावात, तीन बाथरूमच्या घरात माझ्यासारखीला विचारतो कोण! पण एका फेब्रुवारीत हे सगळं घर माझ्याभोवती गोळा झालं होतं. तेवढं ऐका आणि मग खुशाल हसा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. आठवतं ते देशी दुकान. तिथे आम्ही बारा जणी एकमेकींत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो. आश्लेषा आणि शैलेंद्र तेव्हा नुकतेच अमेरिकेत आले होते. शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून आश्लेषाने मला घरी नेलं. त्यांच्या तान्ह्या लेकीची, इलाची, अंघोळ माझ्याच कोमट पाण्याने व्हायची. होळीचा रंग माझ्यात कालवायचे आणि गणपतीचं विसर्जनही माझ्यातच व्हायचं. त्या दिवशी मला हार घालत. माझा तोरा काय सांगू!

पुढे बाथरूम नवी झाली. इलाची मैत्रीण आन्या मला पाहून म्हणाली, “व्हाय इज देअर अ बकेट इन युवर शॉवर?” इला लाजून लाल झाली. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी गराजमध्ये झाली, पोटात दिवाळीच्या माळा घालून. मला फार वाईट वाटलं.

त्या हिवाळ्यात शैलेंद्रचे वडील, मनोहर आजोबा, लातूरहून राहायला आले होते. त्यांच्या गल्लीत नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं. इथे दात घासताना कुणी नळ सोडून ठेवला, की ते जाऊन बंद करून यायचे.

फेब्रुवारीत हवामानाचा अंदाज आला. खूप बर्फ पडणार होता आणि थंडी कडाक्याची असणार होती. इकडची घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, त्यामुळे शैलेंद्र दिवसभर तयारीला लागला. बाहेरच्या नळाला त्याने जुने टॉवेल गुंडाळले. टॉर्च, ब्लँकेटं, औषधं, चिवड्याचा डबा, सगळं एका खोलीत आणलं. मग घरातले सगळे नळ त्याने ठिबकते ठेवले.

“बाबा, हे ड्रिप होऊ देत हं,” तो म्हणाला. “पाणी वाहतं राहिलं, तर पाइप फ्रीझ होत नाही. फुटला तर सगळं घर भिजेल.”

आजोबांनी मान डोलावली. पण त्या टपटपीने त्यांचा जीव कासावीस झाला. संध्याकाळी ते गराजमध्ये आले, माळा बाजूला काढल्या, मला विसळलं आणि नळाखाली ठेवलं. कित्येक महिन्यांनी मी काठोकाठ भरले. मग त्यांनी घरातला एकेक नळ घट्ट बंद केला.

“आजोबा, डॅड सेड डोन्ट टच!” इला म्हणाली.

“अगं, भरली आता बादली. उगाच वाया कशाला घालवायचं?”

सकाळी अंगणात गुडघाभर बर्फ होता आणि वीज गेली होती. आश्लेषाने चहासाठी नळ उघडला, तर थेंब नाही. कुठल्याच नळाला पाणी नव्हतं. गराजच्या भिंतीवरून घरात येणाऱ्या पाइपावर पांढरा थर चढला होता.

“बाबा, नळ तुम्ही बंद केलेत?” शैलेंद्रने विचारलं.

“चुकलं रे माझं,” आजोबा म्हणाले. “मेणबत्ती धरू का पाइपाला?”

“नको नको! आग लागेल. गरम पाण्याचे टॉवेल गुंडाळायला हवेत.” शैलेंद्र थांबला. “पण पाणी कुठे आहे?”

तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, विसर्जनाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

सगळे नळ उघडून ठेवले. शैलेंद्र अंगणातला बर्फ उकरून घराचं सगळं पाणी बंद करायच्या मेन व्हॉल्व्हपाशी उभा राहिला. पाइप फुटलाच, तर इलाने खिडकीतून हात करायचा होता. आश्लेषा गॅसवर माझं पाणी तापवून आणत होती आणि आजोबा टॉवेल पिळून पाइपाला गुंडाळत होते. त्यांची बोटं लालभडक झाली, तरी ते बाजूला होईनात. माझ्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं. मी पुरी पडेन की नाही, याची मला धास्ती वाटू लागली.

एवढ्यात स्वयंपाकघरातला नळ खाकरला.

“इट्स ड्रिपिंग! आजोबा, इट्स ड्रिपिंग!” इला ओरडली.

आजोबांनी डोळे पुसले. “वाहू दे, बाळा,” ते म्हणाले. “वाहू दे.”

शैलेंद्र कुडकुडत आत आला. “बाबा, तुम्ही ही बादली भरून ठेवली नसती तर?”

“मी नळ बंद केले नसते, तर तिची गरजच पडली नसती,” आजोबा म्हणाले आणि सगळ्यांना हसू फुटलं.

आजोबा लातूरला परतले, पण इथे थंडी पडली की त्यांचा फोन यायचा, “नळ सोडलाय ना? खाली बादली लावली का?” गेल्या पावसाळ्यात आजोबा गेले. या जानेवारीत पुन्हा बर्फाचा इशारा आला आणि फोन काही वाजला नाही. मला त्यांची फार आठवण आली.

म्हणून मीच सांगते, मित्रांनो. बर्फ येण्याआधी पाणी भरून ठेवा, नळ ठिबकते ठेवा, बंद गराजमध्ये गाडी सुरू करून ऊब घेऊ नका, कोंडलेल्या विषारी धुराने जीव जातो. घरातल्या थोरांना नुसतं ‘हात लावू नका’ म्हणू नका, त्यांच्या हाताला काम द्या. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकण्याआधी त्या कधी उपयोगी पडल्या होत्या, ते एकदा आठवून पाहा.

यंदा इलाने मला आपणहून नळाखाली ठेवलं. ती आता चौदा वर्षांची आहे. आन्या शेजारीच उभी होती. “व्हाय द बकेट?” तिने विचारलं.

“इट्स माय आजोबाज्,” इला म्हणाली. ती या वेळी लाजली नाही.

मी भरत आले. तिने मला अलगद बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “आजोबा, भरली.” मग तिने माझ्या जागी दुसरी बादली ठेवली आणि नळ तसाच ठिबकू दिला.